अण्णांची सिगारेट, आईचा आजार आणि घरातला अबोला

पत्राचा सारांश: नाशिकच्या इंदिरानगर भागात राहणाऱ्या एका ४२ वर्षांच्या वाचक भगिनीचं हे पत्र आहे. त्यांच्या ६४ वर्षांच्या आईला फुफ्फुसाचा कर्करोग झाला आहे. आईनं आयुष्यात कधी बिडी-सिगारेट ओढलेली नाही. गेल्या पावसाळ्यात खोकला सुरू झाला, एक्स-रेवर डाग दिसला आणि टीबी समजून पाच महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, चालली. बेडक्यात टीबीचे जंतू मात्र एकदाही सापडले नव्हते. वजन उतरत गेलं तेव्हा सीटी स्कॅन आणि बायोप्सी झाली. निदान आलं अ‍ॅडेनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार), चौथा टप्पा. गाठीच्या तपासणीत 'ईजीएफआर' जनुकातला बदल सापडल्यामुळे रोजची एक गोळी सुरू झाली असून आईला सध्या चांगला उतार आहे. आईला आजाराचं नाव माहीत आहे, पण ती त्यावर बोलत नाही.

वडील, म्हणजे अण्णा, ६९ वर्षांचे, सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं रोज एक पाकीट सिगारेट ओढायचे. आठ वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली तेव्हा सोडली. ३८ वर्षांच्या भावानं सगळ्या नातेवाइकांदेखत "आईला हे तुमच्यामुळे झालं" असं त्यांना सुनावलं. तेव्हापासून बापलेकात अबोला आहे आणि अण्णा धड जेवत नाहीत. भाऊ स्वतः टपरीवर सिगारेट ओढतो, आणि वर म्हणतो, "जगभर बाप्या माणसांत हा कॅन्सर कमी होतोय, बायकांत वाढतोय. काळजी तुम्ही बहिणींनी घ्या." मावशींचं म्हणणं, आई मिश्री लावायची त्याचं हे फळ. धाकट्या बहिणीला वाटतं की आता दोघींनी दरवर्षी सीटी स्कॅन करून घ्यावा. वाचक भगिनी विचारतात: अण्णा खरंच दोषी आहेत का, भाऊ म्हणतो ते बरोबर आहे का, आणि आम्ही स्कॅन करावा का?

ताई,

तुमचे प्रश्न तीन आहेत, पण तिन्हींच्या मुळाशी एकच आहे: हे कुणामुळे झालं? भावानं एक नाव ठरवलंय, मावशींनी दुसरं, आणि अण्णांनी तर शिक्षाही भोगायला घेतली आहे. कर्करोग झालेल्या घरात हा शोध बहुतेक वेळा सुरू होतोच. कारण कळलं की निदान काहीतरी हाती लागलं असं वाटतं. या आजाराबद्दल जे नक्की माहीत आहे ते मी अण्णांना झुकतं माप न देता सांगते. पण तुमच्या भावाला हवं तसं एका ओळीचं उत्तर त्यातून निघत नाही.

आधी भावाचं वाक्य घेऊ. ते अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खरेपणामुळेच मला त्याची काळजी वाटते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फुफ्फुसाचा कर्करोग दुर्मीळ आजार होता. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या खिशात सिगारेटी आल्या आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पाश्चात्त्य देशांतल्या पुरुषांमध्ये रुग्ण झपाट्यानं वाढले. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. फुफ्फुसाचा कर्करोग झालेले ६४९ पुरुष त्यात होते, बायका फक्त ६०. त्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे अवघे दोन. सिगारेट आणि हा कर्करोग यांचं नातं तिथून पक्कं होत गेलं, आणि त्याबरोबर या रुग्णाचं एक चित्रही डॉक्टरांच्या आणि लोकांच्या मनात पक्कं बसलं: साठीचा, खोकणारा, सिगारेट ओढणारा पुरुष. पण त्याच पाहणीतल्या ६० बायकांपैकी १९ जणी धूम्रपान न करणाऱ्या होत्या. म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा. तुमच्या आईसारख्या बायका अगदी त्या पाहणीपासून समोर होत्या. पुरुषांच्या प्रचंड आकड्यापुढे त्यांच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

पुढे तिकडच्या बायकाही सिगारेट ओढू लागल्या, पुरुषांच्या मागून, एखाद्या पिढीच्या अंतरानं. त्यांनी ओढावी म्हणून तंबाखूच्या धंद्यानं कष्टही घेतले. १९२९ साली न्यूयॉर्कच्या ईस्टरच्या मिरवणुकीत तरुण मुलींना जाहीरपणे सिगारेट पेटवायला लावून तिला 'स्वातंत्र्याची मशाल' म्हटलं गेलं. १९६८ मध्ये तर खास बायकांसाठी वेगळी सिगारेट बाजारात आली. हा कर्करोग धुरानंतर वीस-तीस वर्षांनी दिसतो, त्यामुळे परिणामही उशिरा आला. १९८७ मध्ये अमेरिकेत फुफ्फुसाच्या कर्करोगानं दगावणाऱ्या बायकांची संख्या स्तनाच्या कर्करोगानं दगावणाऱ्यांपेक्षा जास्त झाली. दरम्यान १९६४ च्या तिथल्या सर्जन जनरलच्या, म्हणजे सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, अहवालानंतर पुरुष सिगारेट सोडू लागले होते. त्यांचा मृत्युदर १९९० च्या आसपास उतरणीला लागला, बायकांचा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. २०२१ साली अमेरिकेत ६५ वर्षांखालच्या वयोगटात नव्या रुग्णांचं प्रमाण बायकांमध्ये पुरुषांपेक्षा किंचित जास्त भरलं. तुमच्या भावानं वाचलेली बातमी बहुधा याच धाग्यातली असावी.

पण प्रमाण उतरलं ते सिगारेट सोडलेल्या आणि मुळात न धरलेल्या पुरुषांमुळे. पुरुष असण्यानं कुणाचं रक्षण झालेलं नाही. २०२२ मध्ये जगात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे २४.८ लाख नवे रुग्ण आढळले. त्यात साधारण १५.७ लाख पुरुष होते आणि ९ लाख बायका. भारतात त्याच वर्षी पुरुषांचा अंदाज सुमारे ५९ हजार, बायकांचा २३ हजार. तेव्हा टपरीवर उभ्या असलेल्या ३८ वर्षांच्या माणसानं या बातमीतून स्वतःसाठी दिलासा शोधू नये. त्याच्यासाठी दिलासा आहे, पण तो वेगळा आहे. त्याकडे येते.

आता तुमच्या आईकडे. पाश्चात्त्य बायकांची गोष्ट तिला लागूच होत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत भारतातले १९ टक्के पुरुष धूम्रपान करणारे आढळले आणि बायका फक्त २ टक्के. तरीही बायकांना हा कर्करोग होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे ४८९ रुग्ण होते, आणि त्यातल्या निम्म्याहून थोड्या अधिक जणांनी कधीच धूम्रपान केलेलं नव्हतं. तैवानमध्ये हा आजार झालेल्या बहुसंख्य बायका सिगारेट न ओढणाऱ्या असतात. आईला झालेला अ‍ॅडेनोकार्सिनोमा हा प्रकार आज जगभर बायकांच्या फुफ्फुसाच्या कर्करोगात सर्वांत जास्त दिसतो, दर दहा जणींत साधारण सहा. धूम्रपान न केलेल्यांमध्येही बहुतेक वेळा तोच आढळतो.

त्याची कारणं शोधताना संशोधक ज्या घरांमध्ये शिरले ती घरं तुम्हाला ओळखीची वाटतील. चीनच्या युनान प्रांतात श्वानवेई नावाचा भाग आहे. तिथल्या बायका सिगारेट जवळजवळ ओढत नव्हत्या, तरी त्यांच्यात या कर्करोगाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गणलं जाई. घरात धुराचा दगडी कोळसा जाळून त्या स्वयंपाक करत, आणि धूर बाहेर जायला वाट नव्हती. त्या शेगड्यांना धुराडी बसवल्यावर पुढच्या काही वर्षांत धोका जवळपास निम्म्यावर आला. घरात जळणाऱ्या कोळशाचा धूर कर्करोग घडवतो हे आता निश्चित मानलं जातं. लाकूडफाट्याचा धूर आणि खूप तापलेल्या तेलात तळताना निघणारा धूर यांच्याबद्दलचा पुरावा तेवढा पक्का नाही, पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्यांनाही 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात ठेवलं आहे. बाहेरच्या प्रदूषित हवेला याच संस्थेनं २०१३ साली निश्चित कर्करोगकारक ठरवलं. केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा मानकांवर उतरत नाही म्हणून नावं आहेत, त्यांत आपलं नाशिकही आहे.

आणि दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर. इथे अण्णांचा प्रश्न येतो, आणि मी तो टाळणार नाही. १९८१ साली जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी स्वतः सिगारेट न ओढणाऱ्या ९१ हजारांहून अधिक बायकांचा चौदा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त, असं त्यात दिसलं. पुढे अनेक देशांतल्या अभ्यासांनी ते खरं ठरवलं. नवऱ्याच्या धुरात राहणाऱ्या, स्वतः न ओढणाऱ्या बाईचा धोका साधारण २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे "अण्णांच्या सिगारेटचा आईच्या आजाराशी काडीचा संबंध नाही" असं मी लिहू शकत नाही. ते खोटं होईल.

पण ही टक्केवारी नीट समजून घ्या. कधीच न ओढणाऱ्या बाईचा मुळातला धोका लहान असतो, आणि त्या लहान धोक्यात ही वाढ होते. सिगारेट ओढणाऱ्या नवऱ्यांच्या बहुसंख्य बायकांना हा कर्करोग होत नाही, आणि ज्यांच्या घरात कुणी कधी ओढली नाही अशाही बायकांना तो होतो. तुम्ही लिहिलंय की आई निफाड तालुक्यातल्या घरात लहानपणापासून चुलीपुढे बसली. लग्नानंतर वर्षानुवर्षं सातपूर वसाहतीतल्या दोन खोल्या, लाकडावर पेटणारा बंब, दिवाळीची तळणं, कारखान्यांच्या बाजूची हवा. त्यावर कुठल्याही माणसाच्या पेशींमध्ये निव्वळ वयानं होणारे बदल. गोदेला पूर येऊन पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागतं, तेव्हा त्यातलं धरणातून सोडलेलं कोणतं आणि शहराच्या नाल्यांतून आलेलं कोणतं हे ओंजळीत घेऊन सांगता येत नाही. आईच्या गाठीचंही तसंच आहे. कोणतीही बायोप्सी त्यात अण्णांचा वाटा किती हे सांगणार नाही. तेव्हा भावानं "तुमच्यामुळे" हा शब्द ज्या खात्रीनं वापरला, ती खात्री जगातल्या कुठल्याही डॉक्टरकडे नाही.

मला त्या काळाचाही विचार करावासा वाटतो. अण्णा नोकरीला लागले तेव्हा ऑफिसच्या टेबलांवर रक्षापात्रं असायची, एसटीत आणि थिएटरात लोक सर्रास ओढायचे. आपल्याकडे तंबाखू नियंत्रणाचा कायदा २००३ चा, आणि सार्वजनिक ठिकाणच्या बंदीची नीट अंमलबजावणी सुरू झाली ती २ ऑक्टोबर २००८ पासून. सिगारेट ओढणाऱ्याला अपाय होतो हे अण्णांना ठाऊक असणार. शेजारी बसलेल्या बायकोलाही होतो, हे त्यांना कुणी कधी सांगितलं होतं का, हे विचारायला हवं. आणि त्यांनी सिगारेट सोडली आहे. आठ वर्षं झाली. त्या घरात आज हे करून दाखवलेला माणूस एकच आहे.

अण्णांच्या मनातलं ओझं मात्र "तुमचा काही दोष नाही हो" एवढ्यानं उतरणार नाही. त्यांना आतून माहीत आहे की त्या दोन खोल्यांमध्ये धूर त्यांचा होता. माझ्या मते त्यांना बोलू द्यावं, आणि ते बोलणं मुलाशी नको, आईशी व्हावं. "माझ्या सिगारेटचा तुला आयुष्यभर त्रास झाला, मला त्याचं वाईट वाटतं" एवढं वाक्य नवरा बायकोला म्हणू शकतो. ते ऐकून रागवायचं, रडायचं की त्यांचा हात धरायचा, हे आईनं ठरवायचं आहे. तुमच्या पत्रात अण्णा काय म्हणतात, भाऊ काय म्हणतो, मावशी काय म्हणतात हे सगळं आलं. आईला काय वाटतं याची एकही ओळ नाही. तिला कुणी विचारलंय का? एखाद्या दुपारी घरात दोघीच असताना विचारा: "आई, भाऊ आणि अण्णा बोलत नाहीत, तुला काय वाटतं? आम्ही काय करावं असं तुला वाटतं?" ज्या बाईच्या नावानं हे भांडण चाललंय, तिला त्यात बोलायचा पहिला हक्क आहे.

मिश्रीबद्दल थोडक्यात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि तिनं तोंडाचा, अन्ननलिकेचा, स्वादुपिंडाचा कर्करोग होऊ शकतो. आई अजून लावत असेल तर थांबवायला हवीच. पण फुफ्फुसाच्या या गाठीचं खापर मिश्रीवर फोडायला आधार नाही. मावशींना हे एकदा नीट सांगा, आणि आईच्या कानावर ते "फळ" वगैरे पुन्हा पडणार नाही एवढं पाहा. आजारी बाईला तिच्याच सवयीचा दोष देणं हा क्रूरपणा आहे, बोलणाऱ्याच्या मनात तसं नसलं तरी.

मला सगळ्यात जास्त लागले ते पाच महिने. हा भाग मी तुमच्यासाठी कमी आणि हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी जास्त लिहिते आहे. आपल्याकडे टीबी इतका आहे की एक्स-रेवर डाग आणि महिनाभराचा खोकला दिसला की डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव टीबीचंच येतं, आणि ते येणं योग्यही आहे. चूक पुढे होते. बेडक्यात जंतू सापडत नाहीत, तरी एकेटी सुरू होते. फरक पडत नाही, तरी "कोर्स पूर्ण होऊ द्या" म्हणून सांगितलं जातं. समोर सिगारेट न ओढणारी बाई असेल तर कर्करोगाची शंका आणखी उशिरा येते, कारण मनातलं ते १९५० चं चित्र अजून पुसलेलं नाही. बायकांमधला हा आजार बदललाय, याचा डॉक्टरांनी आणि आपण घ्यायचा खरा अर्थ हा आहे.

तेव्हा दोन आठवड्यांपलीकडे खोकला टिकला तर बेडक्याची सीबीनॅट, म्हणजे टीबीचे जंतू त्यांच्या जनुकांवरून शोधणारी, तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. टीबी सिद्ध झाला तर औषधं अजिबात सोडू नका. पण तपासणीत जंतू सापडले नाहीत आणि एकेटी सुरू करून महिना-दीड महिना झाला तरी खोकला, वजन आणि एक्स-रे यांत सुधारणा नसेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा: "हे टीबीशिवाय दुसरं काही असू शकतं का? सीटी स्कॅन करायचा का?" असं विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे. बेडक्यातून रक्त, बसलेला आवाज जो परत येत नाही, एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया, खांद्यात किंवा छातीत न थांबणारं दुखणं, कारण नसताना उतरणारं वजन, यांपैकी काही असेल तर तेवढीही वाट पाहू नये. साधा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नका, हृदयाच्या मागे दडलेली गाठ त्यात सुटू शकते. आणि "सुई लावली की गाठ पसरते" म्हणून बायोप्सी टाळणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात, त्यांचं या बाबतीत ऐकू नका. आईची बायोप्सी झाली म्हणूनच ईजीएफआरचा बदल कळला आणि गोळी मिळाली. आपल्याकडच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या रुग्णांत साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात हा बदल सापडतो, आणि कधी न ओढलेल्या बायकांमध्ये त्याहून अधिक.

त्यावरूनच तुमच्या आणि बहिणीच्या स्कॅनकडे वळते. ईजीएफआर हा 'जनुकातला बदल' म्हटल्यावर तो तुमच्यातही आला असेल, अशी बहिणीला भीती वाटत असावी. तो बदल आईच्या गाठीत नंतर घडलेला असतो. बहुतेक वेळा तो जन्मतः अंगात नसतो, त्यामुळे मुलींमध्ये उतरत नाही. जवळच्या नात्यात हा कर्करोग असला की धोका काहीसा वाढतो हे खरं आहे, पण त्यासाठी ४२ व्या वर्षापासून दरवर्षी सीटी काढावा इतका नाही, असं माझं मत आहे. कमी किरणांच्या सीटीनं जीव वाचतात हे दाखवणारा मोठा अमेरिकी अभ्यास २०११ साली आला. त्यात फुफ्फुसाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले, पण त्यातले ५३ हजारांवर लोक सगळे वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढलेले होते. तैवाननं २०२२ पासून, घरात हा आजार असलेल्या न ओढणाऱ्यांनाही राष्ट्रीय तपासणीत घेतलं आहे. मात्र त्यातून मृत्यू किती टळतात आणि निरुपद्रवी गाठींमागे किती जणांवर उगाच शस्त्रक्रिया होतात, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. आपल्याकडे तर जुन्या टीबीचे व्रण आणि बारीक गाठी इतक्यांच्या छातीत असतात की दर स्कॅनमागे नवी धास्ती, नवी सुई. छातीच्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या, त्यांना आईचा इतिहास सांगा, आणि लक्षणं दिसली तर पहिल्या महिन्यातच जा. सध्या एवढं पुरे.

तुमच्या घरात स्कॅनच्या निकषांत बसणारा माणूस आहे, पण त्याचा विचार कुणाच्याच मनात आलेला नाही. २०२१ च्या अमेरिकी शिफारशीनुसार वय ५० ते ८०, रोज एक पाकीट अशी किमान वीस वर्षं, आणि अजून ओढणारे किंवा सोडून पंधरा वर्षं न झालेले, अशांनी दरवर्षी कमी किरणांचा सीटी करावा. अण्णांचं वय ६९, तीस वर्षं रोज एक पाकीट, सोडून आठ वर्षं. आपल्या देशात अशी सरसकट तपासणी नाही, आणि अण्णांच्या हृदयाची प्रकृती पाहूनच निर्णय घ्यावा लागेल. पण डॉक्टरांकडे विषय काढायचाच असेल तर तो आधी अण्णांचा काढा. "बाप्या माणसांत कमी होतोय" या वाक्यामागे ते दिसेनासे झाले आहेत. त्यांचं न जेवणंही डॉक्टरांच्या कानावर घाला. हृदयाचा रुग्ण, आजारी बायको, आणि मुलाचा जाहीर ठपका अशा अवस्थेत माणूस नैराश्यात जातो, आणि त्यावर उपचार असतात.

आता भाऊ. मला त्याचा राग येत नाही. आईची भीती आणि स्वतःच्या खिशातलं पाकीट यांच्यामध्ये तो अडकलाय. अण्णांना दोषी ठरवताना आपल्यावरही तोच आरोप होऊ शकतो, हे त्याला दिसत असणार. त्याच्या बायको-मुलांचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण घरात मुलं असतील तर त्याला हे जास्तच टोचत असेल. त्याच्याशी भांडताना आकडे तोंडावर फेकू नका. फक्त एवढेच त्याच्यापर्यंत पोहोचवा. ब्रिटनमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आयुष्यभर सिगारेट ओढत राहिलेल्या पुरुषांना वयाच्या ७५ पर्यंत फुफ्फुसाच्या कर्करोगानं मरण येण्याची शक्यता १६ टक्के निघाली. साठाव्या वर्षी सोडलेल्यांची १०, पन्नासाव्या वर्षी सोडलेल्यांची ६, चाळिसाव्या वर्षी सोडलेल्यांची ३, तिसाव्या वर्षी सोडलेल्यांची २. तुमचा भाऊ ३८ चा आहे. त्याच्यासाठीचा दिलासा म्हटला तो हा, आणि तो या वर्षी मिळवता येण्यासारखा आहे. केंद्र सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची हेल्पलाइन १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे समुपदेशक बोलतात. निकोटिनचे च्युइंगगम आणि गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेता येतात. पहिल्यांदा जमलं नाही तर पुन्हा प्रयत्न करायचा असतो, बहुतेकांचं असंच होतं. आणि हे सगळं कसं जमवायचं हे घरात एका माणसाला अनुभवानं माहीत आहे. भावानं सोडायचं मनावर घेतलं, तर अबोला मोडायला तोच विषय पुरेल.

भावाशी बोलताना एकटीनं बोला, नातेवाइकांत नको. त्यानं जाहीर बोलून जे बिघडवलं, ते जाहीर दुरुस्त करायला लावू नका. "आईसाठी घरात बोलणं सुरू कर" एवढीच मागणी ठेवा. इथे एक कठीण गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चौथ्या टप्प्यात ही गोळी आजार आटोक्यात ठेवते, समूळ काढत नाही. कुणाला बरीच वर्षं चांगली मिळतात, कुणाला कमी. पुढे गोळीचा असर कमी झाला तर पुन्हा तपासणी करून औषध बदलता येतं. म्हणून अबोला "होईल हळूहळू" म्हणून लांबवू नका.

आईच्या रोजच्या काळजीचं थोडं. अंगावर पुरळ, तोंड येणं, जुलाब हे या गोळ्यांचे नेहमीचे त्रास आहेत. ते अंगावर काढू नका आणि त्यापायी गोळी आपल्या मनानं बंदही करू नका, डॉक्टरांना फोन करा. दम एकदम वाढला तर त्याच दिवशी दाखवा. कुणी काढे, चूर्णं आणून देईल, ती डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू नकोत, कारण काही पदार्थांनी या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण बदलतं. खर्च जड जात असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. शालिमारजवळच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयातही कर्करोगाचा विभाग आहे. घरात तळण करताना खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू, धूप-उदबत्ती आणि डासांच्या कॉइलचा धूर आईच्या खोलीत नको, आणि गच्चीवर किंवा कॉलनीत कुणी कचरा पेटवत असेल तर महापालिकेकडे तक्रार करा. निफाडच्या घरी मामी अजून चुलीवर करत असतील, तर सिलिंडर भरून देण्याचा खर्च तुम्ही भावंडांनी वाटून घेता आला तर पाहा. चुलीपुढे अजून बसलेली ती बाई तुमच्या आईच्याच वयाची असेल.

पुढच्या तपासणीला आईबरोबर अण्णांना न्या, आणि जमलं तर गाडी भावाला चालवू दे. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आधी कागदावर लिहा: पुढचा स्कॅन कधी, कोणत्या लक्षणांना लगेच यायचं, गोळी निष्प्रभ झाली तर पुढे काय, आणि अण्णांच्या छातीची तपासणी करायची का. शेवटचा प्रश्न भावानं विचारला तर फार बरं होईल. त्याला आधी सांगून ठेवा.